लवणपूरचा सातवा दरवाजा

सातव्या भागाला वास नाही. अलिबागच्या दुकानात उभ्या उभ्याच मी तो नाकाशी धरून पाहिला. नव्या शाईचा आणि वरच्या प्लॅस्टिकचा वास, बाकी काही नाही. आमच्या पहिल्या पाच भागांना ओल्या डिंकाचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि कोणाकोणाच्या घरच्या फोडणीचा वास होता. ते वाचनालयाचे होते आणि आमच्याकडे येण्याआधी पुष्कळ स्वयंपाकघरांतून फिरून आलेले असायचे. तिसऱ्या भागाच्या एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं होतं. गोष्टीतली यामी काळ्या समुद्रात उतरते, नेमकं तिथं. ज्या कोणा बाईला तिथं आमटी ढवळत वाचायचा मोह आवरला नव्हता, तिच्याबद्दल मला लहानपणी फार आपुलकी वाटायची.

सातवा भाग येणार येणार म्हणत जवळजवळ तीस वर्षं गेली. आता तो आला, आणि प्रकाशकानं आधीचे सहाही पुन्हा छापले. मी सगळा संच घेतला आणि घरी येऊन टेबलावर रचून ठेवला. बायको म्हणाली, "अहो, एवढी जाड पुस्तकं वाचणार कधी?"

"वाचणार नाही. ऐकणार आहे," मी म्हणालो.

ती हसली. तिला हे सगळं लग्नानंतर कधीतरी सांगितलेलं होतं.

ज्यांच्या घरी हे भाग कधी आले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लवणपूर हे मिठाचं शहर आहे. भिंती मिठाच्या, देवड्या मिठाच्या, त्यामुळे तिथं पावसाला बंदी. शहराला सात दरवाजे आणि प्रत्येक दरवाजापलीकडे वेगळा समुद्र. यामी नावाची मुलगी आहे. तिच्या तळहातावर पडलेला पावसाचा एक थेंब सुकत नाही, म्हणून तिला शहराबाहेर काढतात. एकेक दरवाजा शोधत ती घरी परतायला निघते. तिला या समुद्रातून त्या समुद्रात नेणारा माणूस म्हणजे गोमा तांडेल. एका डोळ्यानं अधू, तोंडानं फटकळ, स्वतःच्या होडीशी भांडणारा. तो भाड्याचे पैसे घेत नाही. त्याला ठाऊक नसलेला एक मासा उतारूनं सांगायचा, की तो वल्हं उचलतो.

आम्ही मुरुडच्या अलीकडच्या गावचे. आमचा चुलतभाऊ दिनू हे भाड्याचं ऐकताना जागेवर बसत नसे. "निवटी सांग त्याला! ढोमी सांग!" असं तो पुस्तकातल्या यामीला ओरडून सांगायचा. यामी मात्र भलतीच, लेखकानं मनानं रचलेली नावं सांगायची. दिनूला ते पटत नसे. "आसला मासा नस्तो," तो म्हणायचा.

वाचायची ताई. माझी सख्खी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ऐकायला मी आणि दिनू. या वाचनाची रीत आम्ही विहारातून उचललेली होती. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की गावच्या विहारात ग्रंथ लागायचा. रोज संध्याकाळी वंदना होई, मग चौरंगावर पांढऱ्या कपड्यात ठेवलेला ग्रंथ उघडला जाई. वाचायचं काम बाबांकडे होतं. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि त्यांचे उच्चार स्वच्छ होते. ग्रंथाला हात वाचणाऱ्यानंच लावायचा. ऐकणाऱ्यांनी समोर बसायचं, पुढं काय आहे ते डोकावून बघायचं नाही. कोणी बाळंतपणाला गेलेली असो की कोणी मुंबईला, ज्यांनी पहिल्या दिवशी ऐकायला सुरुवात केली त्यांनी सांगतेला यायचंच. सांगता आश्विन पौर्णिमेला. त्या दिवशी शेवटचं प्रकरण, आणि मग खीर.

बाबा विहारातून घरी येऊन जेवायला बसले की पडवीत आमचा ग्रंथ लागायचा. पाटावर आईचा धुतलेला पांढरा टॉवेल, त्यावर लवणपूर. ताई मांडी घालून ताठ बसायची. आम्ही समोर. बाहेर पागोळ्यांचा आवाज, सुपारीच्या ओल्या झावळ्यांचा वास, मागच्या दारी काकीनं पेटवलेल्या नारळाच्या सोडणांचा धूर. पलीकडच्या मोहल्ल्यातली अजान संपायची, मुक्कामाची एसटी वळणावर घरघरायची, आणि मग कंदिलाजवळ ताईचा आवाज तेवढा उरायचा. त्या आवाजात खरखर अजिबात नव्हती. बाबांपेक्षा तो खालच्या पट्टीत होता आणि वाक्य संपताना ती घाई करत नसे. एकदा गोमानं समुद्रातल्या चोरांना हातोहात फसवलं तेव्हा दिनूनं विहारातल्यासारखे हात जोडून "साधू, साधू, साधू" म्हटलं. आतून बाबा म्हणाले, "कोण रे तो?" ताईला हसू आवरेना. त्या दिवशीचं वाचन तिथंच थांबलं.

पाचवा भाग लागला त्या पावसाळ्यात दिनूचे वडील घरी आले नाहीत. काका मालाच्या लाँचवर खलाशी होते. श्रावणात त्यांची पत्र्याची पेटी तेवढी घरी आली. ती माजघरात ठेवली होती. तिला डिझेलचा आणि खारट कपड्यांचा वास यायचा. काकी तिच्यावरून दिवसातून कितीदा तरी ओलं फडकं फिरवायची. विहारात त्या आठवड्यात सगळ्यांनी मेणबत्त्या लावल्या. दिनू कोणाशी बोलत नव्हता, पण पडवीत पाट मांडला की येऊन बसायचा. आमच्या घरात त्या वेळी एवढीच एक गोष्ट ठरल्या वेळेला होत होती.

पाचव्याची सांगता मला अजून पाठ आहे. पाचव्या दरवाजाशी वादळ. होडी फुटते. यामी किनाऱ्याला लागते आणि रात्रभर हाका मारते. सकाळी फळीला धरून गोमा तांडेल येतो, खोकत, होडीला शिव्या देत. वाळूत बसतो आणि म्हणतो, "बघत काय उभी राहिलीस? पेज ठेव. सोबत सुकट असली तर बघ."

दिनू हसला. श्रावणानंतर पहिल्यांदा. मग त्यानं वाटीभर खीर खाल्ली आणि आणखी मागून घेतली. काकी दाराशी उभी होती, ती आत गेली.

सहावा भाग पुढं काही वर्षांनी निघाला. तो बाबांनी विकत आणला. त्या पावसाळ्यात ताईचं लग्न ठरलेलं होतं, त्यामुळे वाचताना ती मधेच थांबून ऐकायची, आत तिच्याबद्दल काय बोलणं चाललंय ते. सहाव्यात गोमा खूप होता. गोमानं नवी होडी बांधली, तिला पहिल्यापेक्षा बिनडोक म्हणाला. गोमाला ताप आला. गोमानं यामीला वल्हवायला शिकवलं आणि तिनं चूक केली की "तुझ्या हाताला हाडं आहेत की पडवळं?" असं विचारलं. आम्ही दोघं पुढं वर्षभर एकमेकांना तेच विचारत होतो. ताई सासरी तळा या गावी गेली तेव्हा सहावा भाग तिच्या ट्रंकेत गेला. वाचनालयाचे पाच केव्हाच परत केलेले होते. नंतर ते कुठं मिळेनात. आम्हीही फारसे शोधले नाहीत. आम्ही ते ऐकलेले होते.

आता दिनू पन्नाशीला आलाय. गावातलं घर त्यानं नीट बांधून घेतलं, मागं माडांत पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या. त्यांच्यावर पाटी आहे, 'गोमा निवास'. मुंबईचे लोक विचारतात, हे गोमा कोण? दिनू त्यांना सांगतो, "आमच्यातलेच हायत."

सातवा भाग मिळाल्याचं मी आधी त्यालाच कळवलं. फोनवर तो म्हणाला, "ताईला सांगितलंस? तिची तब्येत बघून ठरव, दादा."

ताईच्या गळ्याला उन्हाळ्यापासून गाठ होती. तपासण्या झाल्या होत्या. गाठ साधी आहे, पण काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आवाजाची नस तिला अगदी लागून जाते, म्हणून काढल्यावर आवाज कसा राहील ते आत्ता सांगता येत नाही, असंही सांगितलं होतं. तारीख आश्विनात, पौर्णिमेनंतरची धरली होती. हे सगळं मला भावोजींकडून कळलेलं होतं. ताई शाळेत शिकवते. तिला विचारलं की ती म्हणायची, "शाळेत एवढं ओरडले, थोडा आराम पडेल."

मी एका कार्यालयात हिशेब शाखेला आहे. कुठल्याही कामाला बसण्याआधी मागचं सगळं तपासून घ्यायचं, ही सवय अंगात मुरलेली. सातवा ऐकण्याआधी पहिले सहा स्वतः वाचून काढावेत म्हणून मी बसलो. ऐकलेली वाक्यं छापलेली बघताना मजा वाटत होती. हळदीचं बोट होतं ते पान सापडलं. तिथं नुसता छापील मजकूर होता, डाग नव्हता, आणि मला उगीच चुकल्यासारखं झालं.

पाचव्याच्या शेवटाला आलो. वादळ, होडी फुटते, यामी हाका मारते. सकाळ होते. वाळूवर गोमाची पगडी येऊन पडते. यामी ती उचलते आणि सहाव्या दरवाजाकडे चालू लागते. भाग समाप्त.

मी मागची पानं पुन्हा वाचली. वाटलं, नव्या छपाईत काही गाळलं असेल. प्रस्तावनेत बघितलं, तिथं स्पष्ट लिहिलं होतं की मजकुरात कोणताही बदल केलेला नाही. सहावा उघडला. गोमा नव्हता. नवी होडी नव्हती, ताप नव्हता, पडवळं नव्हती. यामी सगळा सहावा भाग एकटी फिरते आणि वल्हवायला आपली आपण शिकते. मी सहावा दोनदा चाळला, एकदा पुढून आणि एकदा मागून. मग पुस्तक मिटून बसलो. आणि तेव्हा एवढंच लक्षात आलं की लेखकाच्या लवणपुरात कोणी कधी सुकट खाल्लेली नाही. पेज आणि सुकट आमच्या घरची होती.

रविवारी तळ्याला गेलो. ताई स्वयंपाकघरात चहा करत होती. गळ्याभोवती तिनं ओढणी गुंडाळली होती. आवाज बसलेला, पातेल्याचा तळ खरवडावा तसा.

"ताई, गोमा पाचव्यातच मरतो."

ती दूध ओतत होती. ओतून झाल्यावर म्हणाली, "हो."

"हो काय?"

"तुला आत्ता कळलं? आणि म्हणे हिशेब तपासतो."

"पुस्तक तुझ्या हातात असायचं."

"बरं होतं ते." तिनं चहा गाळला. "पान उलटलं तर पगडीची ओळ. वर बघितलं तर समोर दिनू. मग काय वाचू?"

"आणि सहावा?"

"एकदा माणूस जिवंत ठेवला की त्याला पुढं खायला घालावं लागतं. एका चुकीपायी अख्खा भाग रचावा लागला मला. घरात लग्नाची गडबड, आणि मी रात्री पडल्या पडल्या विचार करतेय की उद्या गोम्याला कुठं न्यायचा."

"दिनूला कधी सांगितलंस का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्याच्या खोल्यांवर पाटी बघितलीस ना? काय सांगू त्याला?"

मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून आत पडलं.

"सातवा तू वाचलास का?" तिनं विचारलं.

"नाही. उघडलाही नाही."

"बरं केलंस. मी पण वाचणार नाही आधी. जसं येईल तसं." मग ओढणी सारखी करत म्हणाली, "आवाज आहे तोवर लावून टाकू."

परतताना एसटीत माझं मन ठिकाणावर नव्हतं. तोवर मला ताईच्या आवाजाची काळजी होती, ती बहिणीची काळजी होती. आता तिच्यात दुसरी मिसळली. गोमा तांडेल कुठल्याच कागदावर नव्हता. इतकी वर्षं तो फक्त ताईच्या आवाजावर जगत होता. आवाज गेला तर तो मधल्याच कुठल्यातरी समुद्रात राहणार, आणि दिनू समोर बसलेला असणार.

आषाढी पौर्णिमेच्या आधी शाळेतून रजा काढून ताई गावी दिनूकडे राहायला आली. मी शनिवारी, रविवारी आणि सुटीला जायचो, तेव्हा वाचन व्हायचं. पडवीला आता फरशी आहे आणि पत्रा आहे. पाऊस त्याच्यावर इतका वाजतो की जोर आला की वाचन थांबवावं लागतं. समुद्रावर सुटीत मोटारच्या होड्या गुरगुरतात. सोडणांचा धूर मात्र आहे. आता काकी नाही, दिनूची बायको पेटवते. पहिल्या दिवशी दिनूनं पाट धुऊन मांडला, त्यावर पांढरा टॉवेल घातला, आणि लहानपणी बसायचा त्याच बाजूला, खांबाला टेकून बसला. गुडघे दुखतात म्हणून पाय लांब केले. खोलीतल्या पाहुण्यांपैकी एक बाई डोकावून म्हणाली, "पूजा आहे का?"

"वाचन हाय," दिनू म्हणाला. "बसा की. पण बसलात तर शेवटपर्यंत यावं लागंल."

ती बाई गेली.

लहानपणी न उमगलेली गोष्ट मला आता उमगली. यामीचं वाचताना ताईची नजर ओळींवरून सरकत असे. मधेच ती नजर वर उचलायची, बाहेर माडांकडे बघायची, आणि गोमा बोलू लागायचा. तेव्हा आम्हाला वाटायचं, गोमाचं तिला पाठ आहे. आवाजात तसूभर फरक पडत नव्हता. लेखकाचं वाक्य कुठं संपलं आणि तिचं कुठं सुरू झालं हे माझ्यासारख्या माणसालाही कानानं सांगता आलं नसतं. फक्त डोळे सांगत होते. म्हणून मी डोळ्यांकडे बघायचं सोडून दिलं.

पहिल्या दोन प्रकरणांत गोमा आला नाही तेव्हा दिनू अस्वस्थ झाला.

"ताई, गोमा आजून कसा न्हाय?"

"येईल. सगळीकडे काय तोच मिरवणार?"

"म्हातारा झाला आसंल."

"झालाय. पण बोलायला कमी नाही."

आणि तिसऱ्या प्रकरणात तो आला, कमरेवर हात ठेवून, होडीला बोल लावत. दिनूनं पाय आखडून घेतले आणि नीट बसला. मी दुसरीकडे बघितलं.

आठवड्यागणिक आवाज खाली जात होता. आधी ती कोमट पाणी घोटघोट पीत वाचायची, मग प्रत्येक पानाला थांबू लागली. शेवटी शेवटी पावसात काहीच ऐकू यायचं नाही. दिनू सरकत सरकत पाटाजवळ आला. मीही आलो. तिघं लहान मुलांसारखी डोकी जवळ घेऊन बसायचो. "ताई, दमलीस तर ऱ्हाऊ दे," दिनू म्हणायचा, आणि ती हातानं गप्प बस म्हणायची. उरलेली पानं आणि उरलेले शनिवार यांचा मी मनात भागाकार करायचो. तो कधी नीट जमत नव्हता. मग एक दिवस डॉक्टरांनी तारीख अलीकडे घेतली आणि भागाकार संपलाच.

दवाखान्यात जायच्या आधीच्या दुपारी शेवटून दुसरं प्रकरण झालं. सातवा दरवाजा समोर आहे. ताईनं नजर वर उचलली आणि गोमा यामीला म्हणाला, "तू हो पुढं. मी होडी फिरवून येतो." इथं तिनं पुस्तक मिटलं.

दिनू पाहुण्यांना चहा द्यायला उठला तेव्हा मी हळूच म्हणालो, "एकच प्रकरण राहिलंय. आत्ता वाचून टाक."

"पौर्णिमा कुठं आहे?"

"नियम आपणच केलेला आहे, ताई."

"म्हणून तर पाळायचा."

"आणि नंतर आवाज नसला तर?"

हे मी बोलायला नको होतं. पण ती चिडली नाही. "तुला भीती वाटतेय, म्हणून तुला संपवायचंय," ती म्हणाली. "मलाही वाटतेय. पण भ्यायलेलं वाचन दिनूला कळेल. आजच्याला एवढंच पुरे."

दवाखान्याच्या बाकावर दिनू आणि मी शेजारी बसलो होतो. भावोजी येरझाऱ्या घालत होते. फरशी पुसायच्या औषधाचा वास सगळीकडे. दिनूनं थर्मास आणला होता, पण चहा कोणी घेतला नाही. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "आवाज ऱ्हाईल ना रं?"

"राहील म्हणतात. कसा ते नंतर कळेल."

"कसा का व्हईना," तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत, "मी त्या साली तिच्या आवाजावर झोपलोय, दादा. आय रडायची. मी ताईचं वाचलेलं मनात परत म्हनायचो आनि झोपायचो."

मी थर्मासचं झाकण घट्ट केलं. बोललो असतो तर सगळंच बोलून गेलो असतो.

गाठ नीट निघाली. डॉक्टर म्हणाले, नस जपली आहे, पण दुखावलेली आहे, सांगेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. ताईनं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिचे ओठ कोरडे पडले होते. मी कापूस ओला करून लावला.

पौर्णिमेला तिला गावी आणली. विहारात सांगता झाली. आता बाबांच्या जागी एक तरुण शिक्षिका वाचते. पांढऱ्या साड्यांच्या रांगेत ताई गळ्याला पट्टी लावून बसली होती. वंदनेला तिचे ओठ हलत होते, आवाज बाकीच्यांचा येत होता. मग खीर वाटली. दुपारी ऊन चांगलं पडलं होतं. समुद्र माडांच्या बुंध्यांमधून पांढरा दिसत होता. आम्ही घरी आलो तर पाट मांडलेला होता.

ताई नेहमीच्या जागेजवळ गेली. बसली नाही. टॉवेलवरून पुस्तक उचललं, माझ्या हातात दिलं, आणि येऊन दिनूशेजारी, माझ्या जागेवर बसली. मी तिच्याकडे बघितलं. तिनं पाटाकडे बोट दाखवलं.

"वाच, दादा," दिनू म्हणाला. "तुझा पन आवाज बरा हाय. जरा सरकारी हाय, पन चालंल."

मी पाटापुढं बसलो. लवणपूरचा कोणताही भाग सांगतेच्या दिवशी माझ्या हातात कधी आला नव्हता. मी सुरुवात केली. कागदावर आहे ते वाचायचं, जसंच्या तसं, हेच मी आयुष्यभर करत आलोय. आकडा नसेल तिथं आकडा नाही असं सांगायचं. माझा आवाज मला सपाट वाटत होता. सातवा दरवाजा उघडला. आत पाऊस पडत होता. मिठाच्या भिंती वितळून वाहून गेल्या होत्या, आणि त्या पावसात यामीच्या तळहातावरचा थेंब पहिल्यांदा सुकला. पुढं समुद्र होता, पण तो ओसरलेला, तळ उघडा पडलेला. होडीचं काही कामच उरलेलं नव्हतं. यामी चालत निघाली. मी पान उलटलं.

'पलीकडच्या काठावर कोणी नव्हतं.'

ती ओळ मी मनात वाचली आणि थांबलो. पाणी नाही, होडी नाही, काठ रिकामा. लेखकानं कुठं फटच ठेवलेली नव्हती. ताईनं काय केलं असतं ते मला सुचेना. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि हात दिनूच्या खांद्यावर ठेवला होता.

"का थांबलास?" दिनू म्हणाला.

मी ओळीवरून नजर उचलली. बाहेर माडांवर ऊन होतं.

"पलीकडच्या काठावर," मी वाचलं, "गोमा तांडेल उभा होता."

पुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतं. दिनू पुढं झुकला.

"म्हंजे तो आदीच पोचला व्हता?"

"हो," मी म्हणालो. "तो आधीच पोचला होता."

दिनू मागं खांबाला टेकला. मग म्हणाला, "वाच फुडं."

पुढच्या सगळ्या ओळींत यामी एकटी होती. मी दोघांना चालवत नेलं.